गुडघ्याचा आणि खुब्याचा एक्स-रे: फिल्मवर झीज कशी दिसते आणि काय दिसत नाही

पुसदच्या बहुतेक घरांत कपाटावर नाहीतर गादीखाली एक मोठं पाकीट असतंच. आत दादीच्या किंवा अम्मीच्या गुडघ्याची काळी फिल्म आणि सोबत इंग्रजीत चार ओळींचा रिपोर्ट. घरातली मुलं इंग्रजी शाळेत शिकलेली असली तरी ते शब्द त्यांनाही कळत नाहीत. मग कानावर पडतं ते एवढंच: "गॅप संपलाय", "गादी घासली", "चौथी ग्रेड आहे, गुडघा बदलावाच लागेल." तिथून पुढे घरात पैशाची जुळवाजुळव सुरू होते. कुणी नांदेडला जायचं म्हणतो, कुणी नागपूरला, कुणी यवतमाळला. कुणी म्हणतो आधी एमआरआय काढून टाकू, एकदाचं काय ते कळेल.

आमचं म्हणणं साधं आहे. एक्स-रे ही हाडांची सावली आहे, दुखण्याचा फोटो नाही. ती सावली नीट काढली आणि नीट वाचली तर फार उपयोगाची आहे. पण फक्त तिच्यावरून ऑपरेशन ठरत नाही. फिल्मवर काय असतं, रिपोर्टमधल्या कुठल्या शब्दाचा अर्थ काय, आणि कधी साध्या एक्स-रेवर थांबणं धोक्याचं ठरतं, ते इथे सविस्तर देत आहोत.

फिल्मवर गादी दिसतच नाही

एक्स-रेची किरणं हाडातल्या कॅल्शियममुळे अडतात, म्हणून हाड पांढरं दिसतं. मांस, चरबी, पाणी करड्या रंगाचं दिसतं. सांध्यात दोन हाडांच्या टोकांवर जो गुळगुळीत थर असतो, ज्याला डॉक्टर कूर्चा म्हणतात आणि आपण 'गादी' म्हणतो, तो एक्स-रेवर उमटत नाही. दिसते ती फक्त दोन हाडांमधली मोकळी काळी पट्टी. तिलाच 'जॉइंट स्पेस' किंवा बोलण्यात 'गॅप' म्हणतात. ती जागा खरं तर रिकामी नसते. तिथे कूर्चा असते, आणि गुडघ्यात तिच्या जोडीला मेनिस्कस नावाच्या दोन चकत्या असतात. थर झिजला की हाडं जवळ येतात आणि पट्टी अरुंद होते. म्हणजे डॉक्टर गादी प्रत्यक्ष बघत नाहीत, पट्टीच्या रुंदीवरून तिचा अंदाज बांधतात.

"गॅप कमी झाला म्हणजे वंगण संपलं" असं बरेच जण म्हणतात. ते बरोबर नाही. वंगण, म्हणजे सांध्यातला द्रव, एक्स-रेवरून मोजता येत नाही. उलट झिजलेल्या गुडघ्यात पुष्कळदा पाणी जास्तच होतं. रिपोर्टमध्ये 'इफ्यूजन' लिहिलेलं असतं ते हेच.

झिजेच्या म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या खुणा फिल्मवर मुख्यतः चार. पहिली, अरुंद झालेली पट्टी. गुडघ्यात ती बहुतेक वेळा आतल्या बाजूने, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूने अरुंद होते, कारण चालताना तिथेच जास्त भार येतो. रिपोर्टमध्ये ते 'रिड्यूस्ड मीडियल जॉइंट स्पेस' असं येतं. मीडियल म्हणजे आतली बाजू, लॅटरल म्हणजे बाहेरची. दुसरी खूण, हाडाच्या कडेला फुटलेले कोंब. हे 'ऑस्टिओफाइट'. चोचीसारखे दिसतात म्हणून काही ठिकाणी 'लिपिंग' लिहितात. नडगीच्या हाडाच्या मधोमध जी दोन छोटी शिखरं असतात ती टोकदार झाली की 'टिबियल स्पाइकिंग'. लोक याला "हाड वाढलं" म्हणतात आणि ते कापून टाकावं लागेल असं समजून घाबरतात. सांधा आपला भार मोठ्या जागेवर वाटून घेण्यासाठी हाडाची कड रुंद करतो, तेच हे कोंब. नुसते कोंब आहेत म्हणून कुणी ऑपरेशन करत नाही.

तिसरी खूण म्हणजे गादीखालचं हाड जास्तच पांढरं दिसणं. वरचा थर गेला की खालच्या हाडावर थेट दाब येतो आणि ते घट्ट होतं. रिपोर्टमधला शब्द 'सबकॉन्ड्रल स्क्लेरोसिस'. चौथी म्हणजे त्याच भागात दिसणारे छोटे गोल काळे ठिपके, 'सिस्ट'. सिस्ट म्हटलं की घरात कुणाच्या तरी तोंडून कॅन्सरचं नाव निघतंच. झिजेच्या सांध्यातले हे सिस्ट म्हणजे हाडातल्या पाण्याच्या बारीक पोकळ्या. त्यांचा कॅन्सरशी संबंध नाही.

ग्रेड म्हणजे काय

'ग्रेड २', 'केएल ग्रेड ३' असं रिपोर्टवर असतं. यातलं केएल म्हणजे केलग्रेन आणि लॉरेन्स, इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे दोन डॉक्टर. त्यांनी १९५७ साली ही पद्धत छापली आणि आज पुसदपासून पॅरिसपर्यंत तीच वापरतात. शून्य म्हणजे काहीच नाही. एक म्हणजे शंका, कदाचित एखादा बारीक कोंब. दोन म्हणजे कोंब नक्की आहे, पट्टी थोडी कमी झाली असेल-नसेल. तीन म्हणजे पट्टी नक्की कमी झालेली, कोंब अनेक, हाड थोडं पांढरं पडलेलं. चार म्हणजे पट्टी जवळजवळ गेलेली, मोठे कोंब, हाड घट्ट, सांध्याचा आकार बदललेला.

ही शाळेच्या परीक्षेसारखी मोजपट्टी नाही, नजरेने लावलेला अंदाज आहे. तीच फिल्म दोन डॉक्टरांनी पाहिली तर एक 'दोन' म्हणेल, दुसरा 'तीन'. त्यात कुणाची लबाडी असते असं नाही. आपल्याकडे बऱ्याच रिपोर्टमध्ये ग्रेड नसतोच, 'अर्ली', 'मॉडरेट' किंवा 'ॲडव्हान्स्ड' एवढंच असतं. 'एज रिलेटेड चेंजेस' लिहिलं असेल तर समजायचं की वयानुसार दिसणारे बदल आहेत, म्हणजे केस पांढरे व्हावेत तसे.

आता खरा मुद्दा. ग्रेड आणि दुखणं यांची जोडी जुळेलच असं नाही. ज्यांच्या फिल्मवर गुडघ्याची झीज दिसते त्यांच्यापैकी किती जणांना दुखतं, याचे वेगवेगळे अभ्यास २००८ साली एकत्र करून पाहिले गेले. उत्तर आलं १५ टक्क्यांपासून ८१ टक्क्यांपर्यंत. इतका फरक, कारण कुणाला विचारलं, कसं विचारलं आणि कुठल्या कोनातून फिल्म काढली, यावर उत्तर बदलतं. खुब्याचं तर आणखीच वेगळं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या लोकांच्या अभ्यासात (२०१५) ज्या खुब्यांवर झीज दिसत होती त्यांतले पाचात एकच नेहमी दुखत होते. आणि ज्यांचा खुबा नेहमी दुखत होता त्यांच्यापैकी जेमतेम १६ टक्के खुब्यांच्या फिल्मवर झीज होती.

म्हणून 'ग्रेड ४' असूनही दादी बाजारातून भाजी आणत असेल, जिने चढत असेल, रात्री शांत झोपत असेल, तर फिल्म दाखवून तिला ऑपरेशनच्या टेबलावर नेण्याची घाई नको. उलटही खरं आहे. फिल्म 'नॉर्मल' आली म्हणून "नाटक करते, काही झालेलं नाही" असं घरातल्या बाईला म्हणणं चूक आहे. आमच्या मते हा दुसरा अन्याय जास्त होतो, आणि तो मुख्यतः सुनांच्या वाट्याला येतो.

झोपून काढलेली फिल्म फसवते

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गुडघ्याचा एक्स-रे उभं राहून काढायचा असतो. टेबलावर झोपवलं की गुडघ्यावर भार नसतो, हाडं थोडी सुटी राहतात आणि पट्टी प्रत्यक्षापेक्षा रुंद दिसते. त्याच माणसाला उभं करून काढा, पट्टी एकदम अरुंद. फिल्मवर किंवा चिठ्ठीवर 'स्टँडिंग' किंवा 'वेट बेअरिंग' लिहिलेलं असतं. नसेल तर एक्स-रेवाल्याला विचारायला लाजू नका. गर्दीच्या दिवशी लहान सेंटरवर पेशंटला पटकन टेबलावर झोपवून काढतात. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'दोन्ही गुडघे, उभ्याने' असं लिहून दिलेलं असलं की हा प्रश्नच येत नाही. पेशंटला उभं राहणंच शक्य नसेल किंवा नुकतंच पडल्यामुळे फ्रॅक्चरची शंका असेल, तर अर्थातच झोपूनच.

दोन्ही गुडघे एकाच फिल्मवर घेतले की तुलना होते. समोरून एक, बाजूने एक. तिसरी एक फिल्म मात्र बऱ्याचदा राहून जाते, तिचं नाव 'स्कायलाइन'. गुडघा वाकवून वाटीच्या वरून-खालून किरण सोडतात, म्हणजे वाटी आणि मांडीचं हाड यांच्यातली जागा दिसते. सपाट जमिनीवर चालताना त्रास नाही, पण जिना उतरताना, पाटावरून उठताना, नमाजमध्ये सजद्यातून उभं होताना वाटीच्या मागे कळ येते, अशी तक्रार असेल तर झीज पुष्कळदा वाटीच्या सांध्यात असते. समोरून काढलेल्या फिल्मवर ती दिसतच नाही. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो आणि अम्मी बिचारी गप्प बसते. डॉक्टरांना "गुडघा दुखतो" एवढंच सांगू नका. कधी दुखतो ते सांगा: रुकूत की कायद्यात, वुजूसाठी खाली बसताना की संडासला बसल्यावर उठताना. डॉक्टर मुस्लिम नसले तरी वाकणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं हे त्यांना चांगलं समजतं. त्यावरूनच ते कुठली फिल्म काढायची ते ठरवतात. खुर्चीवर नमाज कधी आणि कशी पढायची हा मसला मात्र आलिमांना विचारा, तो एक्स-रेच्या ग्रेडवरून ठरवायचा नाही.

पाय धनुष्यासारखे बाहेर वाकले असतील तर कधी कधी खुब्यापासून घोट्यापर्यंत एक लांब फिल्म काढतात. तिला इथे 'स्कॅनोग्राम' म्हणतात. पायाची रेघ किती वाकडी आहे, भार कुठून जातो, ते त्यावर मोजतात. ऑपरेशनचा विचार असेल तेव्हाच ती लागते, दर वर्षी काढायची गरज नाही.

खुब्याची गोष्ट वेगळी

आधी एक गैरसमज. आपल्याकडे "हिप दुखतं" म्हणणारे बहुतेक जण हात मागे, कमरेखाली ठेवतात. ते दुखणं साधारणपणे मणक्यातून येतं. खऱ्या खुब्याचं दुखणं समोर, जांघेत येतं. मांडीतून ते खाली उतरतं आणि कधी कधी फक्त गुडघ्यातच जाणवतं. म्हणून गुडघा दुखतो, गुडघ्याची फिल्म चांगली आहे, पण मांडी घालता येत नाही, सलवार-पायजमा घालताना पाय उचलत नाही, बूट-मोजे घालता येत नाहीत, असं असेल तर खुब्याची फिल्म काढायला हवी. लहान मुलांनाही हे लागू आहे. मूल लंगडतंय आणि गुडघा दाखवतंय, तर डॉक्टरांनी खुबा तपासायलाच पाहिजे.

खुब्यासाठी साधारणपणे पूर्ण ओटीपोटाच्या हाडांची फिल्म काढतात, म्हणजे दोन्ही खुबे शेजारी शेजारी दिसतात. मांडीच्या हाडाचा गोल बॉल आणि त्यावरची वाटी. पट्टी सगळीकडून साधारण ४ मिलिमीटरच्या आसपास असते. ती २ मिलिमीटर किंवा त्याहून कमी झाली की झीज मानतात. ती बहुतेकदा वरच्या बाजूने कमी होते, कारण भार तिथून उतरतो. बाकी कोंब, पांढरं हाड, सिस्ट, सगळं गुडघ्यासारखंच.

पण आशिया खंडात खुब्याची नुसत्या वयामुळे होणारी झीज गुडघ्याच्या मानाने खूपच कमी आढळते. चीनमधल्या बीजिंग शहरातल्या वयस्कर लोकांचा अभ्यास झाला तेव्हा ती गोऱ्या अमेरिकन लोकांच्या मानाने ८० ते ९० टक्क्यांनी कमी निघाली. त्यामुळे आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाचा खुबा खराब दिसला तर "वय झालं" म्हणून सोडून द्यायचं नाही, मागचं कारण शोधायचं.

विदर्भात ते कारण पुष्कळदा सिकलसेल असतं. या रक्ताच्या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडतात आणि खुब्याच्या बॉलला रक्त मिळत नाही. बॉलचं हाड आतून मरतं. लोक याला "बॉल सुकला" म्हणतात, डॉक्टर 'एव्हीएन'. सिकलसेल विदर्भातल्या आदिवासी आणि काही इतर समाजांत जास्त आढळतो, पण तो आईबापांकडून येतो, त्यामुळे कुठल्याही घरात असू शकतो. सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान चालवलं आहे. घरात कुणाला हा आजार असेल आणि जांघेत दुखत असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. एव्हीएनची दुसरी मोठी कारणं म्हणजे दारू आणि बराच काळ घेतलेली स्टेरॉइडची औषधं. दारू आमच्या बहुतेक वाचकांच्या घरात नसेल, स्टेरॉइड मात्र असू शकतं. दम्यासाठी, त्वचेसाठी, कोविडच्या वेळी अनेकांनी घेतलं. काही "वाताच्या पुड्यां"मध्येही न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पुडी घेतली की दोन दिवसांत पळायला लागतो, सोडली की पुन्हा जागेवर, असं होत असेल तर शंका घ्या.

इथे एक्स-रेची मर्यादा महागात पडते. एव्हीएनच्या सुरुवातीला फिल्म अगदी नॉर्मल असते. बॉल बसायला लागला, त्याचा गोलवा चपटा झाला, की मग ती दिसते, आणि तोवर वाचवण्याची वेळ बरीचशी निघून गेलेली असते. एमआरआयमध्ये मात्र ती आधीच कळते. म्हणून तरुण माणूस, जांघेत दुखणं, नॉर्मल एक्स-रे आणि वरीलपैकी एखादं कारण, अशी गाठ पडली तर एमआरआयचा खर्च योग्य आहे. आणि दोन्ही खुब्यांचा करा, कारण दुसऱ्या बाजूलाही तो गुपचूप सुरू झालेला असू शकतो.

झीज वाटते पण नसते

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आमवात म्हणतात, त्यात गुडघ्याची पट्टी आतून-बाहेरून सारखीच कमी होते. कोंब फारसे नसतात आणि सांध्याजवळचं हाड फिकट दिसतं. सोबत हाताची बोटं सुजलेली आणि सकाळचा आखडलेपणा अर्धा-पाऊण तासाहून जास्त. याचा इलाज पूर्ण वेगळा असतो आणि लवकर सुरू करावा लागतो.

टीबी सांध्यातही होतो. एकच गुडघा किंवा एकच खुबा महिनोन् महिने सुजलेला, संध्याकाळी कणकण, वजन उतरलेलं. फिल्मवर सांध्याभोवतीचं हाड फिकट आणि कडेला कुरतडल्यासारखं दिसतं, पट्टी मात्र सुरुवातीला बरीच टिकून असते. झिजेचं हाड पांढरं आणि घट्ट, टीबीचं फिकट आणि पोखरलेलं, असा ढोबळ फरक. टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट आहे. काही गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलं तर हाडं प्रमाणाबाहेर पांढरी आणि घट्ट होतात, हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यांत कॅल्शियम साचतं, मान-पाठ आखडते. फिल्मवर फक्त गुडघा न दिसता सगळंच हाड खडूसारखं दाट दिसतं. दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील आणि गावात बऱ्याच जणांना असंच होत असेल, तर डॉक्टरांना पाण्याचं सांगा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराईड लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत, असं भारतीय मानक आहे.

कोवळ्या वयात, दहा ते वीसच्या दरम्यान, गुडघ्याजवळ रात्री झोपू न देणारं दुखणं आणि वाढत जाणारी सूज असेल तर मालिश करत बसू नका. त्या वयात हाडाची गाठ याच जागी होते. तिथे एक्स-रे त्याच आठवड्यात व्हायला हवा. तसंच वयस्कर माणूस पडला, जांघेत दुखतंय, पाय टाकवत नाही, आणि एक्स-रेत काही दिसत नाही, तरी खुब्याचा बारीक फ्रॅक्चर सुटलेला असू शकतो. सिटी स्कॅन किंवा एमआरआयमध्ये तो सापडतो.

एमआरआयची घाई

एमआरआयमध्ये गादी, मेनिस्कस, लिगामेंट, हाडातली सूज, सगळं दिसतं. अडचण हीच आहे की फार दिसतं. फ्रेमिंगहॅममध्येच पन्नाशीपुढच्या ७१० लोकांचा एमआरआय केला. यांच्या एक्स-रेवर झीज नव्हती. तरी ८९ टक्के लोकांच्या गुडघ्यात काही ना काही बिघाड दिसला. २००८ च्या दुसऱ्या अभ्यासात ज्यांच्या मेनिस्कसमध्ये चीर होती त्यांच्यापैकी ६१ टक्क्यांना मागच्या महिनाभरात काहीच दुखलेलं नव्हतं. म्हणजे पन्नाशीच्या माणसाच्या रिपोर्टवर 'मेनिस्कल टेअर' येणं हे कपाळावरच्या सुरकुतीसारखं आहे.

पण कागदावर 'टेअर' आलं की दुर्बिणीने ऑपरेशन करायचा विचार सुरू होतो. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बिणीने सफाई करून फायदा होतो का, हे अमेरिकेत ह्यूस्टनला १८० लोकांवर तपासलं गेलं. काहींची खरी सफाई केली, काहींना फक्त वरून चीर देऊन शिवलं. २००२ मध्ये निकाल छापला: दोघांत फरक नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तज्ज्ञांच्या गटाने झिजेच्या गुडघ्यासाठी ही दुर्बिणीची शस्त्रक्रिया जवळजवळ कुणालाच करू नये असा स्पष्ट सल्ला दिला. तरुणाचा खेळताना गुडघा मुरडला, अडकला, तर गोष्ट वेगळी.

सोनोग्राफीत गुडघ्यातलं पाणी, गुडघ्याच्या मागची पाण्याची गाठ (बेकर्स सिस्ट) चांगली दिसते, हाडाच्या आतलं दिसत नाही. आणि शिबिरांत टाच मशीनमध्ये ठेवून जो 'हाडांचा टेस्ट' करतात, तो हाडांच्या ठिसूळपणाचा, ऑस्टिओपोरोसिसचा. नाव सारखं वाटतं, आजार वेगळा. तो कमी आला म्हणून गुडघा झिजला असं होत नाही.

मग एक्स-रे काढायचाच कशाला?

पुष्कळदा काढायची गरजही नसते. इंग्लंडच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं आहे की वय ४५ किंवा जास्त, हालचालीने दुखतं, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासात जातो, एवढं जुळलं तर फिल्मशिवाय झिजेचं निदान करावं. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ साली डॉ. अरविंद चोपडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यांच्या आजारांची पाहणी सुरू केली. गावातल्याच स्वयंसेवकांनी घरोघरी जाऊन चार हजारांवर प्रौढांना प्रश्न विचारले. सुमारे १८ टक्के लोकांनी दुखतं म्हणून सांगितलं, आणि मग डॉक्टरांनी त्यांना तपासलं. झीज शंभरात पाच-सहा जणांना, आमवात शंभरात एकालाही नाही. सुरुवात प्रश्नांनी आणि हाताने तपासून झाली, मशीनने नाही.

एक्स-रे लागतो तो दुखण्याचं चित्र न जुळणारं असेल तेव्हा, पडल्यानंतर, ताप-वजन-रात्रीचं दुखणं असेल तेव्हा, वय कमी असेल तेव्हा, किंवा ऑपरेशनचा खरा विचार असेल तेव्हा. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणं, काठी, गोळ्या हे सगळं फिल्मशिवाय सुरू करता येतं. दर सहा महिन्यांनी "बघू किती वाढलं" म्हणून काढण्यात पैसे जातात, इलाज बदलत नाही.

किरणांची भीती मात्र गुडघ्याच्या बाबतीत अवास्तव आहे. एका फिल्मला साधारण ०.००५ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून, जमिनीतून, हवेतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे एक गुडघा फिल्म एका दिवसाच्या नैसर्गिक किरणांपेक्षाही कमी. खुब्याची फिल्म सुमारे ०.६ ते ०.७, म्हणजे तीन-चार महिन्यांइतकी. ती ओटीपोटावर येते, म्हणून दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर बाईने आधी सांगायलाच हवं.

एक्स-रेच्या दिवशी

गुडघ्यासाठी सैल सलवार किंवा पायजमा घाला, ज्यात चेन, बटण, सेफ्टी पिन नाही. गुडघ्याला बांधलेला तावीज धातूच्या पेटीतला असेल तर फिल्मवर नेमका सांध्यावर पांढरा चौकोन उमटतो. थोडा वेळ सोडून हातात धरा. खुब्यासाठी नाड्याची जाड गाठ, खिशातली नाणी, मोबाइल काढून ठेवा. बायकांना संकोच वाटत असेल तर आधीच विचारा की महिला तंत्रज्ञ कधी असते, किंवा घरातली बाई सोबत दारापर्यंत येऊ द्या. एमआरआयच्या खोलीत तर काहीच धातू चालत नाही. हिजाबची पिन, नथ, बांगड्या, कानातलं, तावीज, सगळं बाहेर. हृदयात पेसमेकर असेल तर पहिल्यांदा तेच सांगायचं.

फिल्म हातात आली की नाव, वय, तारीख आणि उजव्या-डाव्याची खूण तिथेच तपासा. खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर काढलेला फोटो लांबच्या डॉक्टरला पाठवून पट्टी मोजता येत नाही. सेंटरकडून मूळ डिजिटल फाइल किंवा सीडी मागून घ्या. जुनी फिल्म टाकू नका. पाच वर्षांपूर्वीची आणि आजची शेजारी ठेवली की डॉक्टरांना जे कळतं ते नव्या एकट्या फिल्मवर कधीच कळत नाही.

आणि सांधा बदलायचं खरंच ठरलं, रात्री झोप नाही, घरातल्या घरात चालणं नाही, सगळे उपाय करून झाले, तर फिल्म पाहून डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: पूर्ण गुडघा बदलायचा की फक्त आतली बाजू, नंतर खाली बसता येईल का, आणि कुठला इम्प्लांट. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली. त्या वेळी सर्वसाधारण कोबाल्ट-क्रोमियम इम्प्लांटची किंमत करांशिवाय ५४,७२० रुपये ठरली होती. बिलावर इम्प्लांट वेगळा दाखवलेला असला पाहिजे, त्याचं स्टिकर कागदांवर लावलेलं असतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार घेऊन ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर नाही.